कोपरापासून करंगळीपर्यंत

दाराच्या चौकटीवर कोपर आपटले की मार लागतो कोपराला, पण झिणझिण्या उठतात करंगळीत आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या अर्ध्या भागात. असे का व्हावे, हा प्रश्न वर्गात विचारून पाहण्यासारखा आहे. कोपराच्या मागे, आतल्या बाजूला हाडाची एक खोबण असते. हात थोडा वाकवून त्या खोबणीत दुसऱ्या हाताचे बोट आडवे फिरवले, तर जाड सुतळीसारखे काहीतरी बोटाखालून सरकते. ती रक्तवाहिनी नव्हे आणि स्नायूची कंडराही नव्हे. बोलीभाषेत जिला आपण ‘नस’ म्हणतो आणि पाठ्यपुस्तके जिला चेता म्हणतात, ती ही. शरीरशास्त्रात तिचे नाव अल्नर. मानेपासून निघून ती करंगळीच्या टोकापर्यंत जाते आणि वाटेत या एका ठिकाणी अगदी कातडीखाली उघडी पडते. बाकी प्रवासात तिच्यावर स्नायूंचे पांघरूण असते, इथे नाही.

उघडे पडल्यामुळे तिला मार लागतो, हे कोणाच्याही लक्षात येईल. पण उघडे पडल्यामुळे ती थंडही असते. हे लक्षात यायला वैद्यकाला फार काळ लागला, आणि त्या एका गोष्टीत हजारो माणसांच्या हातापायांचे भवितव्य अडकलेले होते.

भोर आणि वेल्हे तालुक्यांतल्या शाळांमध्ये विज्ञानविषयक गप्पांसाठी आम्ही जातो, तेव्हा शरीरशास्त्राचा विषय निघाला की कुष्ठरोगावर हमखास एक तरी प्रश्न येतो. तो बहुधा प्रश्न नसतोच, विधान असते: ‘कुष्ठरोगात बोटे झडतात ना, सर?’ विद्यार्थ्यांचे सोडा, शिक्षकही मान डोलावतात. ही समजूत जुनी आहे, आणि तिच्यात दोष त्यांचा नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगातल्या बहुतेक डॉक्टरांचीही हीच समजूत होती. रोगाचे जंतू मांस खातात, बोटे कुजतात आणि गळून पडतात, असे मानले जाई. आणि मांसच कुजलेले असेल तर त्या हातावर शस्त्रक्रिया कोण करणार? जखम भरणारच नाही, हे गृहीत धरलेले असे.

ही समजूत खोटी ठरवण्याची गोष्ट मोठी आहे. तिच्यातला बराच भाग आपल्याकडे, मुंबईत आणि पुण्यात घडला. पण तिथे पोहोचण्यापूर्वी चेता म्हणजे काय आणि ती तुटली तर काय होते, हे पाहायला हवे.

१८५० साली लंडनमध्ये ऑगस्टस वॉलर या डॉक्टरने बेडकाच्या जिभेकडे जाणाऱ्या चेता कापल्या आणि काही दिवसांनी त्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. कापलेल्या जागेच्या पलीकडचा, म्हणजे जिभेकडचा भाग तुकडे होऊन विरून चालला होता. मेंदूकडचा भाग मात्र शाबूत होता. यावरून निघाले ते असे की चेतेतला प्रत्येक तंतू कुठल्यातरी पेशीचा लांबलेला हात आहे. पेशीपासून तोडला की तो जगत नाही. या हाताची लांबी विलक्षण असते. पायाच्या बोटांपर्यंत जाणाऱ्या तंतूची पेशी पाठीच्या कण्यात किंवा कण्याशेजारी बसलेली असते. ती पेशी क्रिकेटच्या चेंडूएवढी मानली, तर तिचा तंतू अर्धा-पाऊण किलोमीटर लांब होईल.

तुटलेला तंतू पुन्हा वाढतो का? हात, पाय आणि चेहरा यांकडे जाणाऱ्या चेतांपुरते उत्तर ‘हो’ असे आहे. स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांनी १८९० साली कोंबडीच्या गर्भात वाढत्या तंतूचे टोक पाहिले. ते फुगीर, चाचपडत पुढे सरकणारे टोक होते. पुढे तुटलेल्या चेतांमध्येही त्यांना तशीच टोके दिसली. ही टोके मोकळ्या रानात वाढत नाहीत. प्रत्येक तंतूभोवती श्वान पेशींचे आवरण असते. थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञावरून त्यांना हे नाव पडले, कुत्र्याशी त्यांचा संबंध नाही. तंतू विरून गेला तरी या पेशी जिवंत राहतात, उरलासुरला मलबा साफ करतात, एकापाठोपाठ एक रांगेत उभ्या राहतात आणि नव्या टोकाला वाट करून देतात.

भोरच्या वाचकांना हे वरंध घाटाच्या उदाहरणाने सांगता येईल. पावसाळ्यात कधी नुसती वाहतूक थांबते, रस्ता जागेवर असतो. कधी वरचे डांबर वाहून जाते, पण पाया टिकतो. आणि कधी पायासकट रस्ता दरीत जातो. चेतेच्या दुखापतीचेही असेच तीन प्रकार आहेत. दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांवर उपचार करताना हर्बर्ट सेडन या इंग्रज शल्यविशारदाने १९४३ साली ते नीट वेगळे केले. पहिल्या प्रकारात माणूस काही आठवड्यांत बरा होतो. दुसऱ्यात तंतू तुटतात पण श्वान पेशींच्या नळ्या शाबूत असतात, म्हणून तंतू आपापल्या जुन्या वाटेने परत येतात. तिसऱ्यात वाटच नाहीशी होते. मग शल्यविशारदाला दोन टोके शिवावी लागतात किंवा मधे दुसऱ्या चेतेचा तुकडा जोडावा लागतो.

तंतू परत येतात ते किती वेगाने? साधारण दिवसाला एक मिलिमीटर. विद्यार्थ्यांना येथे एक गणित घालता येईल. गवत कापताना विळा मनगटावर बसून चेता तुटली आणि ती लगेच शिवली, तर मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंतच्या सुमारे १८ सेंटिमीटरसाठी सहा महिने लागतील. तीच चेता कोपराच्या वर तुटली, तर तळहातातल्या बारीक स्नायूंपर्यंत पोहोचायला दहा महिने ते वर्ष. तिकडे, चेतेचा संदेश न मिळालेला स्नायू दिवसेंदिवस सुकत असतो. वर्ष-दीड वर्षानंतर तंतू पोहोचला तरी त्याला जागे करण्याजोगा स्नायू उरलेला नसतो. चेतेच्या बाबतीत उशीर का परवडत नाही, याचे सारे उत्तर या हिशेबात आहे.

आता कुष्ठरोगाकडे येऊ. १८७३ साली नॉर्वेत बर्गन येथे गेऱ्हार्ड हान्सेन यांना रुग्णांच्या ऊतींमध्ये काडीसारखे जंतू दिसले. माणसातल्या दीर्घकालीन रोगाशी जीवाणूचा संबंध जोडणारा हा सुरुवातीच्या शोधांपैकी एक. पण जंतू सापडला आणि संशोधन जणू अडून बसले, कारण तो कृत्रिम माध्यमात वाढेना. आजही वाढत नाही. इतर जीवाणू अर्ध्या तासात दुप्पट होतात, हा दुप्पट व्हायला बारा-चौदा दिवस घेतो. प्रयोगशाळेला जे जमेना ते कायद्याने करायचे ठरवले: १८९८ साली ब्रिटिश सरकारने कुष्ठरुग्णांसाठी वेगळा कायदा केला आणि भीक मागणाऱ्या रुग्णांना पकडून कोंडण्याची तरतूद केली. तो केंद्रीय कायदा रद्द व्हायला २०१६ साल उजाडले, हे येथे नमूद करून ठेवू.

१९४७ साली वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयातले तरुण शल्यविशारद पॉल ब्रँड चिंगलपेटच्या कुष्ठधामात गेले. ब्रँड यांचा जन्म तामिळनाडूतल्या कोल्ली टेकड्यांतला, १९१४ सालचा. कुष्ठधामात त्यांना वाकड्या बोटांचे पंजे दिसले. त्यांना जाणवले ते असे: या हातांना पक्षाघात आहे, पण सगळ्या स्नायूंना नाही. कोपराच्या वरच्या चेतांनी चालवलेले बाहूचे स्नायू धडधाकट आहेत, तळहातातले बारीक स्नायू गेलेले आहेत. मग धडधाकट स्नायूची कंडरा काढून गेलेल्या स्नायूच्या जागी का जोडू नये? पोलिओच्या रुग्णांवर असे करत असतच. १९४८ साली त्यांनी पहिली शस्त्रक्रिया केली. जखम इतर कुणाची भरते तशीच भरली. मांस कुजलेले नव्हते.

मग बोटे जातात कशी? ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांच्या प्रत्येक जखमेचा माग काढायला सुरुवात केली. कुणी तापलेले भांडे उघड्या हाताने चुलीवरून उतरवले होते. कुणी गंजलेले कुलूप उघडताना किल्ली इतकी दाबली की बोटाची कातडी फाटली, पण त्याला पत्ता नाही. काही जखमा रात्रीत होत, त्यांचे कारण सापडेना. अखेर कळले की झोपेत उंदीर बोटे कुरतडत होते. ज्याला वेदना कळते तो जागा होतो. वेदना न कळल्याने जखम, जखमेकडे दुर्लक्ष, मग जंतुसंसर्ग, मग हाडाचा एकेक कण जाऊन बोट आखूड होणे, असा हा क्रम होता. बोटे झडत नाहीत, झिजतात. आणि झिजतात ती रोगाच्या जंतूंमुळे नव्हे, बधिरतेमुळे. पुढे वेल्लोरला मऊ सूक्ष्मछिद्री रबराची पादत्राणे तयार झाली. आज कुष्ठरोग केंद्रांत मिळणाऱ्या काळ्या तळाच्या चपला त्याच वंशातल्या.

ब्रँड यांनी हाताचे उत्तर शोधले. पण जंतू चेतेत शिरतो कसा, हा प्रश्न सूक्ष्मदर्शकाचा होता, आणि तो मुंबईत हाताळला गेला.

वसंत रामजी खानोलकर हे नाव आज विज्ञान शिक्षकांनाही फारसे माहीत नसावे, याचे आम्हाला आश्चर्य वाटते. १८९५ साली जन्मलेले हे विकृतिशास्त्रज्ञ टाटा स्मारक रुग्णालयाच्या प्रयोगशाळेचे आणि पुढे भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे प्रमुख होते. १९६० ते १९६३ मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. राहणीच्या सवयींचा आणि कर्करोगाचा संबंध शोधताना धोतराच्या घट्ट गाठीखाली, कमरेच्या कातडीवर होणाऱ्या कर्करोगाची नोंद १९४५ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. दिसायला किरकोळ वाटणाऱ्या जागी नेमकी नजर टाकायची, ही त्यांची रीत यातून दिसते. कुष्ठरोगातही त्यांनी तेच केले. इतर लोक गाठी, व्रण, वाकडी बोटे यांच्याकडे पाहत होते. खानोलकरांनी अगदी कोवळे चट्टे निवडले, ज्यात फक्त रंग किंचित फिका झालेला असे आणि त्वचा जवळजवळ निरोगी दिसे. अशा त्वचेचे पातळ छेद रंगवून त्यांनी शोधले ते सूक्ष्म चेतातंतू. जंतू तिथे होते. त्वचेतल्या इतर पेशींत अजून काही घडलेले नसताना जंतू तंतूंच्या आश्रयाला आलेले होते.

१९५१ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या अहवालात ही निरीक्षणे आहेत. त्यांचे म्हणणे असे की त्वचेत जिथे चेतांची बारीक टोके उघडी असतात तिथून जंतू आत शिरतात आणि ओढ्यातून नदीकडे, प्रवाहाच्या उलट्या दिशेने चढावे तसे मोठ्या चेतेकडे सरकतात. कुष्ठरोग हा मुळात चेतांचा रोग आहे, त्वचेवर दिसते ती त्याची सावली, असा या विचाराचा रोख होता. यातला सगळा तपशील टिकला असे नाही. जंतू प्रामुख्याने तंतूंच्या आत नसून त्यांच्या भोवतीच्या श्वान पेशींत राहतात हे पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने स्पष्ट झाले. १९९९ साली अमेरिकेत आर्माडिलो या खवलेधारी प्राण्यावर झालेल्या अभ्यासात असेही दिसले की मोठ्या चेतेपर्यंत जंतू बाहेरून, तिच्या वेष्टनातल्या रक्तवाहिन्यांमधूनही पोहोचत असावेत. पण चेतेकडे पाहा, हा खानोलकरांचा आग्रह कुणाला बाजूला सारता आला नाही.

त्यांच्याच प्रयोगशाळेत कमल रणदिवे काम करत होत्या. या मूळच्या पुण्याच्या, माहेरच्या समर्थ. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. शिक्षण हुजूरपागेत आणि फर्ग्युसनमध्ये झाले. बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनाचे तंत्र शिकून त्या परतल्या. कुष्ठरोगाचा जंतू वाढवण्याचा प्रयत्न या गटाने केला आणि १९५८ साली रुग्णाच्या ऊतींपासून एक जीवाणू वाढवण्यात यशही मिळाले. तो खरोखर कुष्ठरोगाचाच जंतू आहे हे मात्र मान्य झाले नाही. तो त्याच्या एका चुलत कुळातला ठरला. तरी त्यापासून पुढे मुंबईतच डॉ. माधव देव यांनी कुष्ठरोगावरची लस तयार केली. रणदिवे यांना १९८२ साली पद्मभूषण मिळाले. फसलेल्या वाटणाऱ्या प्रयोगाच्या पोटातून काहीतरी उपयोगी निघते, असे विज्ञानात पुष्कळ वेळा होते. पण पाठ्यपुस्तकांत त्याला जागा नसते.

जे. जे. रुग्णालयाच्या परिसरात आणखी दोन माणसे या चेतेच्या मागे लागली होती. एक दाराब दस्तूर. चट्ट्यावर आधी स्पर्श, वेदना आणि तापमान यांची संवेदना तपासायची, मग तिथलीच त्वचा काढून तीतल्या चेता पाहायच्या आणि दोन्हींचा मेळ घालायचा, अशा पद्धतीचा त्यांचा अभ्यास १९५५ साली प्रसिद्ध झाला. ‘रुग्णाला काय कळते’ आणि ‘सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसते’ हे एकाच कागदावर मांडणे आज साधे वाटते.

दुसरे नोशिर अंटिया. १९२२ साली जन्मलेले अंटिया इंग्लंडमध्ये हॅरॉल्ड गिलीज यांच्या हाताखाली सुघटन शल्यचिकित्सा शिकले. पहिल्या महायुद्धात चेहरे उद्ध्वस्त झालेल्या सैनिकांना नवे चेहरे देणारे ते हेच गिलीज. भारतात परतल्यावर अंटिया यांनी पुण्याजवळच्या कोंढव्याच्या कुष्ठरोग रुग्णालयात शस्त्रक्रिया सुरू केल्या. तेव्हाचे कोंढवे म्हणजे गावाबाहेर ठेवलेल्या माणसांची जागा. आजच्या कोंढव्यातल्या इमारतींवरून त्याची कल्पना येणार नाही. बसलेले नाक उभे करणे, न मिटणारी पापणी मिटती करणे, वाकडी बोटे सरळ करणे ही कामे तिथे झाली. १९५८ साली जे. जे. रुग्णालयात त्यांनी सुघटन शल्यचिकित्सेचा विभाग उभा केला आणि कुष्ठरुग्णांना सर्वसाधारण वॉर्डात, इतरांच्या खाटांशेजारी ठेवण्याचा आग्रह धरला. आमच्या मते हा आग्रह त्यांच्या कुठल्याही शस्त्रक्रियेएवढाच मोलाचा होता. हा रोग मुख्यतः उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या नाकातून दीर्घ सहवासात पसरतो, आणि बहुसंख्य माणसांना त्याविरुद्ध उपजत प्रतिकारशक्ती असते. तरीही वॉर्डातली शेजारची खाट हीच तेव्हा खरी परीक्षा होती.

कंडरा हलवण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण त्यातली अर्धी करामत शल्यविशारदाची नसते. मधल्या बोटाला वाकवणाऱ्या दोन कंडरा असतात. त्यांतली एक सोडवून, तिच्या चार पट्ट्या करून चार बोटांना जोडता येते. तीन आठवडे प्लास्टर. ते निघाल्यावर रुग्ण बोट हलवू पाहतो, तेव्हा मेंदूला अजून जुनाच नकाशा ठाऊक असतो. मधले बोट वाकव असा हुकूम दिला की भलतीच हालचाल होते. व्यायामतज्ज्ञासमोर रोज बसून हा नकाशा बदलावा लागतो. चिमटीत कापूस धरायचा, मग काडी, मग पेन्सिल. शस्त्रक्रियेआधीही कित्येक आठवडे तेल लावून, मेणाचा शेक देऊन आखडलेले सांधे मोकळे करावे लागतात. पुनर्वसन हा शब्द ऐकला की आपल्याला धरणग्रस्त आठवतात. हाताचेही पुनर्वसन असते आणि तेही इतकेच चिवट काम आहे.

वेल्ह्याच्या किंवा भोरच्या मावळपट्ट्यात या चिमटीची किंमत वेगळी समजवावी लागत नाही. भाताची लावणी करताना रोप अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत धरून चिखलात रोवायचे असते, दिवसभर, वाकून, हजारो वेळा. अल्नर चेता गेलेला माणूस मूठ कशीबशी वळवील, पण त्याच्या चिमटीत जोर उरत नाही. चिखलात अनवाणी उभा असलेला बधिर पाय काटा, दगड, खिळा काहीच सांगत नाही. शहरातला कारकून वाकड्या बोटाने काम भागवील. इथे पंजा गेला की हंगाम गेला.

अंटिया यांना हळूहळू उमगले की शस्त्रक्रियेच्या टेबलावर येणारा पंजा म्हणजे गोष्टीचे शेवटचे प्रकरण आहे. सुरुवात वाचायची तर चेतेकडेच जायला हवे. १९७५ साली त्यांनी मुंबईत वैद्यकीय संशोधनासाठी एक प्रतिष्ठान आणि लोकांच्या आरोग्याच्या अभ्यासासाठी दुसरे प्रतिष्ठान, अशा दोन संस्था जवळजवळ जुळ्या काढल्या. त्याच वर्षी त्यांच्या गटाचा एक महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हाताच्या मागच्या बाजूने तर्जनीकडे जाणारी एक बारीक चेता असते. तिचा विद्युत्‌वहनाचा वेग मोजायचा, तंतूंची गणती करायची, आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तिची अंतर्रचना पाहायची, असे चारी बाजूंनी ते काम होते. या धाग्यावर वनजा शेट्टी आणि इतरांनी पुढे बरीच वर्षे काम केले. त्यातून कळले ते अस्वस्थ करणारे आहे. रुग्णाला बधिरता जाणवते तेव्हा चेतेतल्या तंतूंचा बराच मोठा हिस्सा आधीच नष्ट झालेला असतो. चेता शेवटपर्यंत कुरकुर करत नाही. १९९२ साली याच गटाने दाखवले की पुरेसा औषधोपचार झालेल्या काही रुग्णांच्या त्वचेत जंतू सापडेनासे झाले, तरी चेतेत जिवंत जंतू टिकून राहू शकतात.

आता सुरुवातीच्या थंडपणाकडे येऊ. कुष्ठरोगाच्या जंतूला ३७ अंश सेल्सिअसपेक्षा कमी, साधारण ३० अंशांच्या जवळचे तापमान मानवते. म्हणून तो शरीराच्या थंड भागांत वाढतो: कानाची पाळी, नाक, गुडघ्याचा दर्शनी भाग. आणि चेतांमध्ये जिथे त्या कातडीखाली उघड्या येतात तिथे: कोपराच्या जरा वर, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, घोट्याच्या आतल्या बाजूला मागे, गालाच्या हाडावर. ब्रँड यांनी शवविच्छेदनात चेता नेमक्या याच जागी सुजलेल्या पाहिल्या होत्या. सूज येते तीही जंतूंच्या संख्येपेक्षा शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारामुळे. घट्ट वेष्टनात सुजलेली चेता स्वतःच्याच दाबाखाली गुदमरते.

यावरच उपचाराची दिशा ठरली. जंतू मारण्यासाठी १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. एकाऐवजी दोन-तीन औषधे एकत्र, सहा किंवा बारा महिने. पहिल्या मात्रेनंतर थोड्याच दिवसांत रुग्णाकडून संसर्ग होणे थांबते. चेतेची सूज उतरवण्यासाठी मात्र वेगळे औषध, प्रेडनिसोलोन. ते उपयोगी पडते ते चेतेचे काम बिघडून सहा महिने व्हायच्या आत. नंतर त्याचा फारसा उपयोग होत नाही. भारतासह काही देशांत झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत हे औषध वीस आठवडे द्यावे की बत्तीस, याची तुलना झाली. दोहोंत लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणजे किती लांबवायचे यापेक्षा कधी सुरू करायचे, याला महत्त्व.

आणि वाटच नष्ट झालेल्या चेतेचे काय? १९९१ साली एका छोट्या पण धाडसी प्रयोगाची माहिती प्रसिद्ध झाली. तो तामिळनाडूत कुंभकोणमजवळच्या कुष्ठरोग केंद्रात झाला होता, आणि तिथल्या शल्यविशारदाचे आडनाव मराठी वाचकाला ओळखीचे वाटेल: डॉ. डी. डी. पालांदे. इंग्लंडमधल्या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी तळपायाकडे जाणाऱ्या, पूर्ण निकामी झालेल्या चेतेचा तुकडा काढून टाकला आणि त्या जागी रुग्णाच्याच स्नायूचा तुकडा बसवला. आधी तो गोठवून आणि वितळवून त्यातल्या पेशी मारलेल्या होत्या. स्नायूच्या रिकाम्या झालेल्या नळ्या उरल्या, तंतूंनी त्यांना श्वान पेशींची वाट समजून त्यांतून प्रवास केला, आणि कित्येक वर्षे बधिर असलेल्या काही तळव्यांना स्पर्श कळू लागला. ही सरसकट वापरात आलेली शस्त्रक्रिया नाही. पण काहालने पाहिलेले चाचपडणारे टोक दुसऱ्याच्या घरातल्या जिन्यानेही वर चढू शकते, हे तिने दाखवले.

श्वान पेशींची गोष्ट २०१३ साली आणखी चमत्कारिक झाली. एडिनबरा येथील अनुरा रामबुक्काना आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या श्वान पेशींवर प्रयोग करून दाखवले की कुष्ठरोगाचा जंतू त्यांना आपला व्यवसाय विसरायला लावतो आणि मूळपेशींसारख्या लवचीक अवस्थेत परत नेतो. शत्रूने घराच्या भिंतींना पुन्हा माती करून हवे तसे आकार द्यावेत, तसे. चेता नष्ट करणारा हा जीव पेशींच्या पुनर्जननाची कळही जाणतो, आणि ती कळ आपल्याला वापरता येईल का, यावर आज काम चालू आहे.

अंटिया यांनी उत्तरायुष्यात शस्त्रक्रियागृह मागे टाकून गावांकडे मोर्चा वळवला. आधी रायगड जिल्ह्यात मांडव्याला, मग १९९०च्या दशकात भोरच्या शेजारच्या पुरंदर तालुक्यातल्या परिंचे खोऱ्यात. तिथे त्यांच्या संस्थेने गावातल्याच, बेताचे शिकलेल्या बायकांना आरोग्याचे काम शिकवले. शल्यविशारदाने हे का करावे, असे विचारणारे तेव्हाही होते. १९९० साली त्यांना पद्मश्री मिळाली. २००७ साली त्यांचे निधन झाले.

डिसेंबर २००५ मध्ये भारतात कुष्ठरोगाचे प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आले. ते ‘निर्मूलन’ म्हणून जाहीर झाले आणि अनेकांचा समज झाला की रोग संपला. देशात अजूनही दरवर्षी सुमारे एक लाख नवे रुग्ण सापडतात, आणि त्यांत मुले असतात.

वर्गात कर्कटकाची दोन टोके बोटाच्या पेराला दोन-तीन मिलिमीटर अंतरावर टेकवली तरी डोळे मिटलेल्या विद्यार्थ्याला ती दोन वाटतात. पाठीवर ती चार सेंटिमीटर लांब असली तरच दोन वाटतात. हा एर्न्स्ट वेबर यांचा १८३४ सालचा प्रयोग, आणि तो करताना मुले फार हसतात. कुष्ठरोगाची तपासणी याहून साधी आहे. डोळे मिटायला सांगून त्वचेच्या फिक्या चट्ट्याला कापसाची वात लावायची आणि स्पर्श झाला तिथे बोट ठेवायला सांगायचे. तळहात आणि तळव्यांसाठी साधा बॉलपेन पुरतो: कातडी जेमतेम दबेल इतक्या हलक्या हाताने, ठरावीक ठिकाणी. मग करंगळी बाजूला पसरायला सांगून तिच्यावर आपल्या बोटाने विरोध करून पाहायचे, की ती टिकते का. प्राथमिक आरोग्य केंद्रात हे करायला पाच-सात मिनिटे लागतात, आणि उपचार मोफत असतात.